तिच्याच गावचा काजू

त्या मुलीला मी तिच्याच गावचा काजू विकला, आणि तो आमच्या डोंगरातला आहे असं भासवून विकला. हे मी कुणाजवळ बोललेलं नाही. घरात मी तशीही फार बोलत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पण लिहायची सवय राहिली. माझ्या धाकट्या लेकीच्या वह्यांची मागची पानं कोरी राहतात, त्यांत मी काहीबाही लिहिते आणि वही तांदळाच्या डब्यामागे ठेवते. हे लिहिताना मात्र दोनदा पान फाडलं.

आधी काजूचं सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळायची नाही.

आठवड्याचे पाच दिवस मी महाडजवळच्या एका काजूच्या कारखान्यात जाते. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. कच्ची काजूबी वाफेवर उकडतात, सुकवतात, आणि मग आम्ही बाया कटरवर बसतो. एका हाताने बी पात्यात धरायची, पायाने दाबायचं, बी उकलली की सुईने गर अलगद बाहेर काढायचा. गर आख्खा निघाला पाहिजे. तुकडा झाला की भाव पडतो आणि मुकादमबाई ओरडते. टरफलातलं तेल इतकं जहाल की कातडी भाजून निघते. आम्ही हाताला एरंडेल आणि राख चोळतो, तरी बोटं काळी पडतात ती पडतातच. लग्नकार्यात मी हात पदराखाली ठेवते.

ही बी आमच्याकडची नसते. आमच्या डोंगरावर काजूची झाडं आहेत, घरोघरी पाचदहा, पण त्यांचं पीक उन्हाळ्याचे दोन महिने. तेवढ्यावर शेड चालत नाही. बाकीचे महिने पोती येतात ती बोटीतून. पोत्यांवर इंग्रजीत छापलेलं असतं. धाकटीला इंग्रजी मुळाक्षरं शिकवताना मीही ती शिकले होते, म्हणून एकदा जेवणाच्या सुट्टीत एकेक अक्षर लावत मी वाचलं. ना-का-ला. मुकादमबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "बंदर हाय ते. आफ्रिकेत. तुला काय करायचंय? जायचंय काय तिकडं?" सगळ्या हसल्या. मी परत कधी विचारलं नाही.

शनिवार-रविवार मी मोठ्या जावेला मदत करते. तिचं हिरकणीवाडीत, किल्ल्यावर जाणाऱ्या रोपवेच्या रस्त्यावर छोटं दुकान आहे. चहा, भजी, ताक, कोकम, आणि काजू. पाटीवर लिहिलेलं आहे, 'घरचा गावठी काजू'. पाटी माझ्याच हातची. अक्षर बरं म्हणून जावेने माझ्याकडून लिहून घेतली.

गावठी काजू बारीक असतो, थोडा वाकडा, पिवळट, पण गोड. दिवाळीपर्यंत तो संपतो. मग आम्ही काय करतो, तर आमच्या झाडाची थोडी बी डब्यात राखून ठेवतो. शनिवार-रविवारी जाऊ भोकं पाडलेल्या पत्र्यावर त्यातली मूठभर बी टरफलासकट भाजते. धूर होतो, वास सुटतो, टरफलं पेट घेतात, गाड्या थांबतात. लोक फोटो काढतात. दगडाने बी फोडून जाऊ गरम गर हातावर ठेवते, तो खरा गावठी. लोक खातात, वा वा करतात आणि मागे टांगलेली पाकिटं विकत घेतात. पाकिटात असतो कारखान्यातून आणलेला काजू. आम्ही तो लाल सालीसकट आणतो, कारण साल असली की लोकांना घरगुती वाटतो. हिरकणीवाडीत आम्ही एकट्याच असं करतो असं नाही. म्हणून त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. खोटं सांगते. वाटायचं, पण बोलायचं काम जाऊ करायची, मी नुसती वजन करायची.

तो पौषातला शनिवार होता. पुण्याहून कॉलेजची मुलं आली होती, बरोबर एक मॅडम. मुलांत एक मुलगी आफ्रिकेतली. उंच, बारीक वेण्या घातलेली, गळ्यात रंगीत कापड गुंडाळलेलं. रस्त्यावरच्या लोकांनी तिच्याकडे बघायला सुरुवात केली, एकदोघं तर न विचारताच शेजारी उभे राहून फोटो काढून गेले. बघणाऱ्यांत मीही होते. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी खाली बघून कांदा चिरायला लागले.

रोपवेला रांग मोठी होती, दोन तास लागतील म्हणाले. मॅडम मुलांना घेऊन आमच्याच बाकड्यांवर बसल्या. ती मुलगी थेट कढईपाशी आली आणि मराठीत म्हणाली, "काकू, भजी एक प्लेट. तिखट कमी नको."

जाऊ चाटच पडली. "अगो बया! कुठं शिकलीस गो?"

"मेस काकू," ती म्हणाली. एवढंच मराठी तिला येत होतं, खानावळीचं. पुढचं सगळं तिने इंग्रजीत सांगितलं आणि मॅडमनी आम्हाला मराठीत.

भजी खाताना ती सांगू लागली की तिच्या गावातही भजी मिळतात, नावही जवळपास हेच. चवळी वाटून करतात. तिची आई बंदराच्या दारात ती तळून विकायची, गोदीतून सुटणारे हमाल खायचे. जावेला फार गंमत वाटली. "म्हणजे आमच्यासारखंच की! विचारा हो मॅडम, सोडा घालते का तिची आई?"

मॅडमनी विचारलं. सोडा घालत नाही. जावेने मान हलवली, जणू दोघींचं काही ठरलं.

मग मॅडमनी त्या मुलीला विचारलं, तुझं गाव सांग ना यांना. आणि ती म्हणाली, "नाकाला."

माझ्या हातातली सुरी थांबली. पोती सोडून ते नाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. त्या क्षणापर्यंत नाकाला म्हणजे माझ्यासाठी तागावरची काळी शाई होती. तिथे कुणी राहत असेल, भजी तळत असेल, हे मनात आलं नव्हतं.

तिने खूप सांगितलं. मला जेवढं आठवतं तेवढं लिहिते. तिच्या गावची खाडी फार खोल आहे, आपोआप खोल, गाळ काढावा लागत नाही. म्हणून मोठ्यात मोठं जहाज धक्क्याला लागतं. पूर्वी तिथे नुसती कोळ्यांची खोपटं होती. जुनं बंदर म्हणजे खालच्या अंगाला एक बेट, तिथे शिडाची गलबतं यायची, आपल्याकडची सुद्धा. दीवकडचे व्यापारी कापड घेऊन जायचे. मग राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांनी नाकाल्याला धक्का बांधला आणि आगगाडी आणली. ती गाडी इतकी लांब जाते की पलीकडच्या, समुद्र नसलेल्या देशाचा माल या बंदरात येतो. तंबाखू, साखर, कोळसा. गावात कुणी कुणाला विचारत नाही की कामाला कुठे जातोस. एकतर धक्का, नाहीतर गाडी, नाहीतर गोदाम.

"आणि काजू," ती म्हणाली. काजूला तीही काजूच म्हणते. मॅडम म्हणाल्या, पोर्तुगीजांनीच तो तिकडे लावला आणि इकडेही, म्हणून शब्द एकच.

तिच्या पणजीच्या काळी खेड्यातल्या बाया काजूची टोपली घेऊन आपल्याकडच्या व्यापाऱ्याच्या दुकानात जायच्या आणि बदल्यात कापड घ्यायच्या. तिच्या गळ्यात होतं तसलं. आता व्यापारी गाड्या घेऊन खेड्यात येतात, पोती भरून बंदराजवळच्या गोदामात रचतात.

मॅडम मधेच म्हणाल्या, "आपलं महाडसुद्धा पूर्वी बंदर होतं बरं का. सावित्रीतून गलबतं वर यायची, माल बैलांवर घाटावर चढायचा." ती मुलगी इकडेतिकडे डोंगर बघायला लागली, समुद्र कुठे आहे म्हणून.

"सांगा तिला, समुद्र पळाला," जाऊ म्हणाली. "आता नुसता पूर येतो."

सगळे हसले. तीही हसली. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. मी ते मागे घ्यायच्या आत तिने माझा उजवा हात धरला, उलटा केला, बोटांची टोकं बघितली आणि मॅडमना काहीतरी भराभर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ती म्हणते, तिच्या आईचे हात असे होते. आई काजूच्या फॅक्टरीत होती."

नाकाल्यात आणि आजूबाजूला काजू फोडायचे मोठमोठे कारखाने होते. हजारो बाया. तिची आई लग्नाआधीपासून कटरवर बसायची. पहिलं घड्याळ, पहिली शिलाई मशीन, सगळं त्या पगारातून. मग बाहेरच्या देशांनी सरकारला सांगितलं की कच्चा काजू देशात अडवून ठेवू नका, ज्याला हवा त्याला विका. बी कारखान्याच्या दारावरून सरळ धक्क्यावर जायला लागली. कारखान्यांना माल मिळेना. एकेक करून बंद पडले. आई घरी बसली, मग बंदराच्या दारात कढई घेऊन. ही मुलगी त्यानंतर जन्मली. तिने आईचे काळे हात पाहिले ते निवळत आलेले, टोकांना डाग उरलेले.

"बी कुठं जायची मग?" जावेने विचारलं.

मॅडमनी तिला विचारलंही नाही. त्यांना माहीत होतं. "इकडे," त्या म्हणाल्या. "इंडियात."

ती मुलगी रागावलेली नव्हती. ती भजी संपवत होती. पण मला वाटलं की मी रोज ज्या पाटावर बसते तो कुणीतरी मागून ओढला. आमची शेड तर कालपरवाची. त्या बायांचं काम गेलं तेव्हा मी चौथीतून घरी बसून शेळ्या राखत होते. माझा काय दोष? हे मी स्वतःला त्याच वेळी सांगितलं. पण मला त्याची लाज वाटत नव्हती. लाज पुढच्या गोष्टीची आहे.

तिने पाटीकडे बोट दाखवलं, मॅडमनी वाचून दाखवली. तिचा चेहरा उजळला. पुढच्या महिन्यात ती घरी जाणार होती. आईला आमच्या डोंगरातला काजू न्यायचा. एक किलो, आख्खा. म्हणजे आई बघेल की दुसऱ्या देशातल्या बायकांचा काजू कसा असतो. दुकानामागच्या आमच्या काजूच्या झाडावर मोहोर आला होता, ते तिने लगेच ओळखलं. तिच्याकडे त्या दिवसांत झाडं बियांनी लगडलेली असतात म्हणाली. "म्हणजे तुमचा मागच्या वर्षीचा?"

मॅडमनी हा प्रश्न मला विचारला, जावेला नाही. बोलता बोलता त्या मुलीने पुन्हा माझा हात धरला होता ना.

"हो," मी म्हणाले.

एवढाच शब्द. पण तो मीच बोलले.

संध्याकाळी उतरल्यावर पाकीट घेऊ, बांधून ठेवा, असं सांगून ते वर गेले.

ते नजरेआड झाल्यावर मी जावेला म्हणाले, "ताई, आपण तिला सांगूया."

"काय सांगायचं?"

"बाहेरचा हाय म्हणून. तिच्याच गावचा हाय."

जावेने कढईखालचा जाळ बारीक केला. "तुला कायतरी झालंय. माल किडका हाय? खवट हाय? नाय ना? मग? हाटेलवाला सांगतो काय बटाटा कुठल्या शेतातला ते?"

"हाटेलवाला पाटी लावत नाय."

"पाटी कुणी लिवली?"

मी टांगलेली पाकिटं उगाच सरळ करायला लागले.

"हे बघ गो," ती थोडी मऊ झाली, "ती मॅडम पुण्याची. एकदा तिच्या कानावर गेलं की दहा कॉलेजात जाईल. मोबाईलवर टाकतील. माझ्या दोन पोरी इथल्या भज्यांवर शिकतायत. आणि नुसत्या आपल्या दुकानाचं नाय, सगळ्या वाडीचं नाव जाईल. तुला एका पोरीसाठी सगळ्यांना उघडं पाडायचंय?"

जाऊ वाईट बाई नाही. माझ्या बाळंतपणात तिने मला उचलून डोंगर उतरवलं आहे. आणि ती म्हणत होती त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मला सारखं वाटत राहिलं की ती बाई, नाकाल्याची, पाकीट उघडणार.

मी डब्यातली आमच्या झाडाची बी काढली. भाजायला ठेवलेली, तीच. जाऊ बघत राहिली, पण अडवलं नाही. दुपारभर मी ती भाजली, फोडली, निवडली. जेमतेम अर्धा किलो झाला. बारीक, वाकडे, काही जळके, पुष्कळ तुकडे, कारण घाईत हात चालत नव्हता. मनात ठरवलं, हेच द्यायचे. सांगायचं काही नाही, पण द्यायचा खरा. म्हणजे कुणाचं नाव जाणार नाही आणि तिलाही फसवलं असं होणार नाही. बोलायला न लागणारा रस्ता मिळाला म्हणून मला किती बरं वाटलं, तेही लिहिलं पाहिजे.

उन्हं कलली तेव्हा मुलं धावतच खाली आली. गाडी सुटायची वेळ झाली होती. मी माझं पाकीट पुढे केलं. मुलीने ते उजेडात धरलं. तिचा चेहरा जरा पडला, पण ती अदबीने हसली. मग तिने टांगलेल्या पाकिटांकडे बघितलं, मोठा, एकसारखा, आख्खा काजू. ती मॅडमना काहीतरी म्हणाली.

"तिला ते हवेत," मॅडम म्हणाल्या. "आईला आख्खे दाखवायचेत. कारखान्यात तुकडा झाला की पगार कापायचे म्हणे, म्हणून आई आधी तुकडेच मोजेल."

"हे... हे बारीक आहेत पण गोड आहेत," मी म्हणाले.

मॅडमनी सांगितलं. मुलीने मान डोलावली, माझ्या पाकिटातला एक तोंडात टाकला, गोड आहे म्हणाली. आणि टांगलेलं मोठं पाकीट काढून घेतलं.

"तुम्ही फोडलेत?" तिने मॅडमतर्फे विचारलं.

"हो. मीच." ते खरं होतं. त्या पाकिटाबद्दल मी तिला सांगितलेलं तेवढंच खरं.

तिने मला शेजारी उभं केलं, माझ्या हातात पाकीट दिलं, आणि मॅडमना फोटो काढायला लावला. आईला दाखवायला. माझे काळे हात दिसावेत म्हणून तिने ते पाकिटावर नीट ठेवले. मला एवढीच अक्कल सुचली की मी बरणीतून मूठभर काजू काढून तिच्या पिशवीत वरून टाकला. तोही कारखान्यातलाच होता. तिने दोन्ही हात जोडले.

गाडीचा हॉर्न वाजला. ती निघाली, दोन पावलांवर थांबली, आणि हसत काहीतरी बोलली. मॅडमनी चालता चालता मागे वळून सांगितलं, "ती म्हणते, आईला डोळे बांधून काजू दिला तरी ती हातात घेऊन सांगते कुठल्या गावचा. आता तुमच्या गावचाही ओळखायला शिकेल."

गाडी वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. पन्नास पावलं असतील. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझी हाक कधी लांब जात नाही असं सगळे म्हणतात. पण त्या दिवशी मी ती मारलीच नाही.

जगात त्या पाकिटाला न फसणारं एकच माणूस असेल, आणि ते त्याच माणसासाठी गेलं. ती पाकीट उघडेल. बोटांत गर धरेल, फिरवून बघेल. पोरीला काही बोलेल की नाही? मी ती असते तर बोलले नसते. पोरीने एवढ्या लांबून आणलं म्हणून तोंड भरून कौतुक केलं असतं आणि तो फोटो पुन्हा एकदा, पोर झोपल्यावर, बघितला असता. तिला माझ्यावर राग आला असता तर मला चाललं असतं. पण ती हात बघेल, आणि तिला कळेल की मी कोण आहे. काय काम करते, कुठल्या पोत्यातली बी फोडते, आणि कुणाच्या पुढ्यात खोटं बोलले. हे तिच्याइतकं नीट दुसऱ्या कुणालाच कळणार नाही.

त्यानंतर दुकान सोडलं असं नाही. पाटी अजून आहे. एकदा मी जावेला म्हणाले की 'गावठी' शब्द पुसूया, ती म्हणाली पावसाळ्यानंतर बघू. पावसाळा झाला. कुणी मला विचारलं, हा इथलाच ना, तर मी जावेकडे बोट दाखवते आणि तराजूत बघते. वजनात मी अजूनपर्यंत कुणाला एक काजू कमी दिलेला नाही. पण हे मी स्वतःला सांगायला लागले की मला माझाच कंटाळा येतो.

कारखान्यात नवीन पोती आली की मुकादमबाई आम्हाला वाटून देते. माझ्या वाट्याला आलेलं पोतं मी आता छापलेली बाजू भिंतीकडे करून ठेवते.